पतंगाच्या पोटात कॅमेरा

"इमान कशाला लागतंय साहेब? पतंग हाय की!" हंबीरराव मास्तरांनी टेबलावर हात आपटून सांगितलं.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवून नुकतेच रिटायर झालेले. त्यांच्या बोळात दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी भरायचं. नवं गटार द्यायला सर्वेवाले साहेब तयार होते. पण त्यांचा नकाशा इतका जुना, की त्यात बोळाच्या जागी चिंचेची झाडं! विमानातून काढलेला एखादा फोटो मिळाला तर काम झटक्यात होईल, असं ते सहज बोलून गेले आणि मास्तर पेटले!

बोळातले इमामभाई पतंग बनवण्यात वाकबगार. दोघांनी खाटेएवढा पतंग केला आणि त्याखाली मास्तरांच्या जावयाचा कॅमेरा लटकवला. बटण दाबायला वर जाणार कोण? तर ताणलेलं रबर दोऱ्यानं अडवायचं आणि दोऱ्याला पेटती उदबत्ती बांधायची. दोरा जळाला की रबर सुटणार आणि बटण दाबणार. खटॅक!

पहिल्या दिवशी पतंग थेट बोळातल्या तानूबाईच्या वाळवणावर उतरला. फोटो निघाला तो सांडग्यांचा!

"मास्तर, ह्ये काय चाललंय?" तानूबाई लाटणं घेऊनच आली.

"नकाशा करतोय, तानूबाई!" इमामभाई घाईघाईनं म्हणाले. "आता सरकारला वरनं समद्यांची घरं दिसणार!"

तानूबाईचा राग जागच्या जागी विरला. तिनं आपल्या गच्चीवरच्या बिनपरवाना खोलीकडं एकदा बघितलं आणि ती तडक शेजारणीकडं पळाली.

दुसऱ्या दिवशी वारा झकास होता. पतंग घारीसारखा वर चढला, मागं उदबत्तीचा धूर! तेवढ्यात गच्च्यागच्च्यांवर माणसं चढली आणि चादरी, लुगडी फडकवायला लागली. मास्तरांचा ऊर भरून आला.

"इमामभाई, बघा! लोक मानवंदना द्यायल्यात!"

"मास्तर, हात हलवा की!"

मास्तरांनी हात हलवला. वर खटॅक झालं.

रोल धुऊन आला आणि मास्तरांचा चेहरा पडला. फोटोत एक घर दिसेल तर शपथ! नुसत्या ताडपत्र्या, वाकळा, लुगडी आणि उसाचा पाला. जो तो आपलं वाढीव बांधकाम झाकून बसलेला! तरीही फोटो घेऊन मास्तर खालमानेनं साहेबांकडं गेले. सोबत बायको अंबूबाई.

साहेबांनी फोटो भिंगाखाली धरला. "वा मास्तर! काम झालं की!"

"कसलं साहेब? घरं तर दिसंनात."

"घरं कुणाला हवीत? बोळ स्वच्छ दिसतोय. पाणी कुठं तुंबतंय तेही कळलं. टोकाला गटाराच्या तोंडावरच कुणीतरी ऐसपैस न्हाणीघर बांधलंय. ते पाडलं की नवं गटारसुद्धा नको! कुणाचं हो ते?"

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं.

"आमचंच की!" अंबूबाई म्हणाली. "ह्ये पडले कॅमेरावाले. आपलं झाकायचं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय!"

न्हाणीघर पडलं. त्या पावसाळ्यात बोळात टिपूसभरही पाणी साचलं नाही. बोळानं मास्तरांना नारळ दिला, फेटा बांधला आणि शपथेवर सांगितलं, की नवी न्हाणी होईस्तोवर मास्तरांची अंघोळ आमच्याकडं! आता रोज सकाळी मास्तर खांद्यावर पंचा टाकून तानूबाईच्या दारात उभे असतात, आणि आतून आवाज येतो, "थांबा जरा मास्तर! अजून नंबर न्हाय आला तुमचा!"