पिवळ्या चिठ्ठ्यांची कादंबरी

पस्तीस वर्षं मी दर रविवारी वर्तमानपत्रात सहाशे शब्दांचं विनोदी सदर लिहिलं. त्यामुळे निवृत्तीनंतर कादंबरी लिहायचं ठरवलं, तेव्हा मला त्यात काहीच अवघड दिसेना. शंभर सदरं एकमेकांच्या शेपटीला बांधली की झाली कादंबरी!

प्रत्यक्षात सहाशेव्या शब्दाला माझी कादंबरी संपली. दुसरी सुरू केली, तीही सहाशेलाच! पंधरा दिवसांत माझ्या अकरा कादंबऱ्या पूर्ण झाल्या आणि सगळ्या मिळून एका पाकिटात मावल्या.

"शिकायला जा कुठेतरी," बायको म्हणाली.

"मी? या वयात?"

"पोहायला नाही सांगत. बुडालात तरी कोरडेच राहाल."

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर कादंबरीलेखनाचा वर्ग चालतो, तिथे नाव घातलं. आम्ही बारा विद्यार्थी. त्यातले अकरा मला 'काका' म्हणणारे. शिकवणाऱ्या बाईंनी माझी पानं वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "काका, तुमची माणसं येतात, विनोद करतात आणि निघून जातात. त्यांना काही हवंसं वाटतच नाही! तुम्हाला जे सलतं ना, त्यावर लिहा. एकेक प्रसंग एकेका चिठ्ठीवर. आणि चिठ्ठ्या डोळ्यांसमोर चिकटवा."

मला सलणारी गोष्ट एकच. माझा मेव्हणा!

सात वर्षांपूर्वी त्यानं माझी शिडी नेली आणि पायरी मोडून परत आणली. निदान मी तरी सगळ्यांना असंच सांगत आलोय. मी बोललो, तो बोलला, आणि मग कोणीच बोलेना. बायको मधल्या मध्ये. ती भावाला चोरून फोन करायची आणि मी तो चोरून ऐकायचो. असा खलनायक घरातच असताना बाहेर कशाला शोधायचा? मी झपाटल्यासारखा चिठ्ठ्या लिहीत सुटलो!

चिकटवायला जागा मिळाली ती फ्रिजच्या दारावर. आता आमच्या घरात फ्रिजचं दार म्हणजे सरकारी फर्मान. बायको सकाळी सातला दवाखान्यात कामाला जाते. कामाच्या बाई नऊला येतात. दोघींची गाठ पडत नाही, म्हणून बायको बाईंसाठी चिठ्ठ्या लावून जाते आणि बाई त्या अक्षरशः पाळतात. एकदा 'पडदे काढून धुवा' असं लिहिलं होतं. 'परत लावा' लिहायचं राहिलं. पंधरा दिवस समोरच्या इमारतीनं आमचा संसार फुकट पाहिला!

तर, उजवीकडे बायकोच्या चिठ्ठ्या, बाईंनी पाळायच्या त्या एवढ्याच; डावीकडे माझी कादंबरी. चिठ्ठ्यांचा गठ्ठा मात्र एकच, पिवळाधमक.

त्या शनिवारी दोन गोष्टी एकदम आल्या. दहाला वर्गात माझं वाचन होतं, आणि ते ऐकायला चक्क एक प्रकाशिका यायच्या होत्या! आणि बाराला मेव्हणा. बायकोनं महिनोन् महिने विनवून त्याला यायला तयार केलं होतं.

"बाराच्या आत घरी या," तिनं जाताना बजावलं. "दादा आज दारातून परत गेला ना, तर पुन्हा कधी यायचा नाही. मग मी आहे आणि तुम्ही आहात!"

या वाक्याचा उत्तरार्ध तिनं असा उच्चारला, की मला आमच्या लग्नाची तारीखसुद्धा आठवली. निघताना फ्रिजवरून चिठ्ठ्या ओरबाडल्या, खिशात कोंबल्या आणि पळालो. चष्मा डोळ्यांवर चढला तो थेट वर्गात, सगळ्यांसमोर उभा राहिल्यावर.

पहिली चिठ्ठी बायकोच्या अक्षरात होती!

पुढे अकरा चेहरे, शिकवणाऱ्या बाई आणि प्रकाशिका. काय करणार? वाचलं!

"दुधाचं पातेलं लगेच घासू नका. भिजत घाला.

"दादा येणार आहे. सात वर्षांनी.

"पांढरी उंच खुर्ची पुसून दाराजवळ ठेवा. त्याचा गुडघा दुखतो, पण तो सांगणार नाही.

"आला की आधी पाणी द्या. काही विचारू नका.

"मी येईपर्यंत त्याला जाऊ देऊ नका."

वर्गात टाचणी पडली असती तर दचकलो असतो. मागच्या बाकावरची मुलगी नाक शिंकरत होती. प्रकाशिका पुटपुटल्या, "लगेच घासायचं नाही, भिजत घालायचं... अख्खं नातं आलं हो त्यात!"

"काका," शिकवणाऱ्या बाईंचा आवाज कापत होता, "आज पहिल्यांदा तुमच्या लेखनात माणूस आला!"

खरं सांगायची हीच वेळ होती. मी लवून नमस्कार केला!

आणि वाकल्या वाकल्याच डोक्यात वीज चमकली. या चिठ्ठ्या इथे, तर फ्रिजवर काय आहे? फ्रिजवर आहे माझं तिसरं प्रकरण!

टाळ्या अर्धवट सोडून मी असा धावलो, की रस्त्यावरच्या कुत्र्यांनी आदरानं वाट दिली. पावणेबाराला घरी पोचतो, तर इमारतीच्या फाटकाशी आमची पांढरी उंच खुर्ची! तिच्यावर अर्धा तास आधीच आलेला मेव्हणा. मांडीवर बॅग, चेहरा दुकानाचं शटर ओढल्यासारखा. वर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक दोरी लोंबत होती आणि दोरीच्या वरच्या टोकाला, खिडकीत, कामाच्या बाई.

"अहो बाई, हे काय!" मी खालून ओरडलो.

"आज उजवीकडे काहीच नव्हतं, म्हणून डावीकडचं वाचलं. तुम्हीच लिहिलंय ना, काका! 'तो बॅग घेऊन येतो. दार उघडायचं नाही.' नाही उघडलं!"

"मग?"

"'आतून विचारायचं, इतकी वर्षं कुठे होतास?' विचारलं. मी आपलं 'होतात' म्हटलं. मोठं माणूस आहे."

"आणि खुर्ची?"

"'त्याची पांढरी खुर्ची खिडकीबाहेर.' फेकणारच होते, पण कोणाच्या डोक्यात पडली असती. म्हणून दोरीनं सोडली."

आता मेव्हण्याचं शटर उघडलं. "जावईबापू! बहिणीचा फोन लागेना. आतून या बाई म्हणतात, 'गुन्हा कबूल करा!' सहा बिऱ्हाडं जिन्यात उभी! शेवटी मी ओरडून सांगितलं, की हो, मीच मोडली शिडी! तरी दार बंद!"

"पुढची चिठ्ठीच तशी होती," वरून खुलासा आला. "'कबुली दिली तरी क्षमा नाही. प्रकरण समाप्त.'"

"टॅक्सी बोलावलीय मी," मेव्हणा म्हणाला. "आमचंही प्रकरण समाप्त!" आणि तो उठायला गेला. गुडघा कळवळला. तो परत खुर्चीत बसला, पण हूं की चूं नाही.

त्याचा गुडघा दुखतो, पण तो सांगणार नाही. माझ्या खिशातच लिहिलेलं होतं!

"बाई, पाणी सोडा! दोरीनं!"

"लिहिलंय का कुठे?"

मी खिशातली चिठ्ठी दोरीला बांधून वर पाठवली. बाईंनी ती नीट वाचली आणि बादलीत ठेवलेला पाण्याचा तांब्या संथपणे खाली आला. मेव्हणा प्यायला. काही विचारू नका, असं लिहिलं होतं. मी विचारलं नाही. पस्तीस वर्षांत प्रथमच मी एका माणसाशेजारी विनोद न करता बसलो, तोही जमिनीवर!

टॅक्सी आली. हॉर्न वाजला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शिडी तुम्ही धडच परत केली होती. दुसऱ्या दिवशी मी पंखा पुसायला चढलो. पायरीला माझं वजन झेपलं नाही."

मेव्हणा बघत राहिला. "मग मी कशाला कबूल केलं?"

"दार उघडावं म्हणून."

आधी त्याचं पोट हललं, मग खुर्ची हलली, मग तो असा हसत सुटला, की टॅक्सीवाला घाबरून निघून गेला!

बाराला बायको आली. भाऊ उंच खुर्चीवर, हातात तांब्या, पायाशी नवरा. तिनं एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"अगदी मी लिहिलं होतं तस्संच केलंत?" तिचे डोळे भरून आले. "जन्मात पहिल्यांदा!"

कबुलीजबाबांचा हंगामच होता, म्हणून मी वर्गातलंही सांगून टाकलं.

आता शनिवारी दवाखान्यातून सुट्टी घेऊन वर्गाला ती जाते. एकशेवीस पानं झाली म्हणे. प्रकाशिका तिला फोन करतात आणि मी उचलला तर 'लेखिका आहेत का?' असं विचारतात. मी आणि मेव्हणा शिडी दुरुस्त करतो.

काल फ्रिजवर डावीकडे एक नवी चिठ्ठी दिसली: 'नवऱ्याला तिसऱ्या प्रकरणात घ्यायचं. फार बोलू द्यायचं नाही.'

मी हरखलो! एवढ्यात उजवीकडची दिसली. ती मात्र बाईंसाठी नव्हती: 'अहो, पातेलं पुरेसं भिजलंय. आता घासा!'