दाजीबांची एकट्या घोड्याची मात

बरोबरी या गोष्टीवर दाजीबा नाकेदारांइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या पांढरकवड्यात नव्हता. वनखात्याच्या नाक्यावर सागवानाच्या गाड्या अडवण्यात त्यांची हयात गेली आणि पेन्शनीत निघाल्यावर ते शेजाऱ्यांना अडवू लागले. बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला म्हणून दोघे उठू लागले, की हे मागून म्हणत, "बसा नं! बरोबरीच हाये, पन एक सोय हाये." मग घरोघरी भाकरी थंड होत.

त्यांची सोय म्हणजे एकट्या घोड्याची मात. राजा आणि घोडा एवढ्यावर मात होत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दाजीबा म्हणत, होते. समोरच्याचा राजा कोपऱ्यात हवा आणि त्याचंच प्यादं त्याच्या वाटेत हवं. "घोडा नाही मारत, आपलंच मानूस आडवं येते." नाक्यावरच्या रिकाम्या वेळात त्यांनी ही मात शोधली होती. खऱ्या डावात मात्र ती एकदाही साधली नव्हती.

एकदा हैदराबाद रस्त्यावरच्या अरुंद पुलावर दोन ट्रक समोरासमोर अडले. ड्रायव्हर एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत होते. दाजीबांनी बिडी पेटवून निकाल दिला, "बरोबरी." मग पलीकडे डोकावून आले आणि आनंदाने ओरडले, "मात! याच्या मांगं याच्याच मालकाची दुसरी गाडी उभी हाये!" दोन्ही ड्रायव्हरांनी भांडण सोडून त्यांनाच शिव्या घातल्या.

आमच्या बाबांशी त्यांचा रोजचा डाव. बाबा कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होते. खेळत चांगलं आणि जिंकल्यावर टोमणे त्याहून चांगले मारत. सन एकसष्ट-बासष्टच्या सुमारास बाबांना लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. एकदा माझे मामा त्यांच्याशी खेळताना मुद्दाम हरले, तर बाबांनी डाव्या हाताने पटच उलथवला. मग उरले दाजीबा, कारण हा माणूस बापालाही सूट देणार नाही, अशी बाबांची खात्री होती. बाबा रोज हरत. शेवटी एका दुपारी म्हणाले, "आज खेळतो. उद्यापासून बंद."

पट सुटला की बाबा भिंतीकडे तोंड करून पडणार, हे मला दिसत होतं.

त्या डावात बाबांकडे कोपऱ्यातला राजा आणि एक प्यादं उरलं. दाजीबांकडे राजा आणि घोडा. बाबांना दुसरी चालच नव्हती. त्यांनी प्यादं पुढे सरकवलं, ते थेट आपल्याच राजाच्या तोंडाशी.

दाजीबांची बिडी ओठातच विझली. जन्मभर शोधलेली मात एका उडीवर होती. त्यांनी घोडा उचलला, बराच वेळ हातात धरला आणि त्याने प्यादं मारलं. आमच्याकडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे समोर नुसता राजा उरला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत.

बाबा पटाकडे बघत राहिले. मग त्यांचं वाकडं तोंड हलू लागलं. ते हसत होते! आजारपणानंतर पहिल्यांदाच.

"नाकेदार! आंधळे झाले काय तुमी? घोड्याची मात होती नं! तुमचीच!"

दाजीबांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "नाही दिसली बाप्पा. नजरच गेली."

"उद्या या. तुमाले शिकवतो मी," बाबा म्हणाले.

फाटकाशी मी दाजीबांना गाठलं. "काका, खरंच दिसली नाही?"

"बरोबरी झाली नं बाबू," ते चप्पल पायात सरकवत म्हणाले, "मंग झालं तं."

पुढे बाबा जगले तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला ही गोष्ट सांगत आणि दाजीबा शेजारी बसून आपल्या आंधळेपणाची साक्ष देत. ती मात त्यांच्या हाताला पुन्हा कधी लागली नाही.