व्याख्यान रद्द, चित्रपट होईल

दीपमाला सकाळपासून चिडलेली होती आणि दुपारी तीनला संतापली. विद्यापीठाच्या कोरिया सप्ताहात आज तिचं तासाभराचं व्याख्यान होतं, त्यानंतर एक कोरियन चित्रपट. विभागप्रमुख माधव सरांनी आधीच बजावलं होतं, "मॅडम, व्याख्यानाला पन्नास माणसं बसली नाहीत, तर पुढच्या वर्षीपासून फक्त चित्रपट. रिकाम्या खुर्च्यांना इतिहास शिकवायला विद्यापीठ आपल्याला पगार देत नाही." या एका तासासाठी ती वर्षभर सोलच्या थंडीत कुडकुडली होती, भाषा शिकली होती आणि जुने दरबारी कागद वाचून चष्म्याचा नंबर वाढवून आली होती.

सभागृहात सात माणसं होती. बाकीच्या खुर्च्यांवर रुमाल, ओढण्या आणि एक हेल्मेट. त्यांचे मालक बाहेर फुकटचा किमबाप, म्हणजे कोरियन भाताचे रोल, खात उभे होते.

"व्याख्यान किती वाजता संपेल?" कर्वेनगरहून खास आलेल्या एका काकूंनी तिलाच विचारलं.

"सुरू झालं की सांगते," दीपमाला म्हणाली. मग तिने दारात उभं राहून खणखणीत आवाजात जाहीर केलं, "आत्ता आत न येणाऱ्यांना चित्रपटालाही प्रवेश नाही!" पाच मिनिटांत एकशे बारा माणसं तोंड पुसत आत आली. जिंकले, असं तिला वाटलं.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे, बिल्डर रविराजशेठ आले. किमबापचा खर्च त्यांनीच उचलला होता, त्यामुळे त्यांचा सत्कार आलाच. एकट्याचा कसा करायचा, म्हणून व्यासपीठावरच्या पाचही जणांना शाल आणि नारळ झाले. समईची वात तीनदा विझली. प्रत्येकाचा परिचय झाला. मग शेठ उठले.

"मला कोरियातलं काय बी कळत न्हाई," ते म्हणाले, आणि पुढची पंचवीस मिनिटं त्यांनी ते सिद्ध केलं. आपलं गाव शहरात कसं आलं, तिथे पहिली इमारत कोणी बांधली, सगळं झालं. दीपमाला मांडीवरच्या नारळाची शेंडी उपटत बसली होती.

सभागृहाचे शिपाई पोपटराव व्यासपीठापाशी आले. "साडेसहाला कुलूप लागणार. मग कुणी का असेना आत."

माधव सरांनी घड्याळ पाहिलं आणि माइक घेतला. "वेळेअभावी दीपमाला मॅडमचं व्याख्यान रद्द करत आहोत. चित्रपट होईल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो कडकडाट तिला थोबाडीत मारल्यासारखा लागला. तिने शाल पिशवीत कोंबली आणि ती दाराकडे निघाली.

दिवे मालवले गेले. पडद्यावर राजवाडा आला, राजा आला, राजा बोलू लागला. खाली इंग्रजी ओळी मात्र येईनात.

"सबटायटल्स कुठायत?" अंधारातून आरडाओरडा झाला.

चित्रपट पेनड्राइव्हवर आणणारी विद्यार्थिनी उत्कर्षा उभी राहिली. "सर, ती वेगळी फाइल असते. मी नाही आणली. म्हणजे, मला लागतच नाहीत ना! मी एवढ्या सिरीज बघितल्यात."

"मग तूच सांग अर्थ," म्हणून सरांनी तिच्या हातात माइक दिला.

"आता हा... रागावलाय," उत्कर्षा म्हणाली.

"ते दिसतंय! कशावर?" मागून कोणीतरी ओरडलं.

"ते नाही कळत आहे. हे खूप जुनं कोरियन आहे. सिरीजमध्ये एवढंच बोलतात, जेवलीस का, आणि माझ्यावर प्रेम आहे का."

दारापर्यंत पोचलेली दीपमाला परत फिरली. तिने माइक हिसकावून घेतला. "घोड्यावरून पडलाय तो! आणि म्हणतोय, इतिहासकाराला कळू देऊ नका. कोरियात खरंच असा राजा होऊन गेला. इतिहासकाराने काय करावं? राजा पडला हे लिहिलंच, आणि कळू देऊ नका म्हणाला हेही लिहिलं. त्याला कोणी वेळेअभावी रद्द केलं नाही!"

हशा उसळला. तिला हसू आलं नाही. ती तशीच तडतडत राहिली. घोड्याच्या केसांची काळी टोपी कोणी घालायची, कोणी नाही, हे तिने सांगितलं. पडद्यावर एक प्रधान लांबलचक बोलू लागला, तेव्हा ती म्हणाली, "हे म्हणताहेत, दोनच शब्द बोलतो. यांनाही शाल घाला." सर्वांत मोठ्याने रविराजशेठ हसले.

"मॅडम, जरा थांबवा, ते टोपीचं परत सांगा," काकू ओरडल्या.

साडेसहा वाजून गेले तरी पोपटराव कुलूप मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत बसले होते.

चित्रपट संपल्यावर माधव सर अभिप्रायाचे कागद घेऊन तिच्याकडे आले. त्यांचा चेहरा खुलला होता. "ऐका. 'व्याख्यान रद्द झाले हे फार उत्तम झाले. बोलणाऱ्या बाई झकास.' दुसरा, 'पुढच्या वेळीही व्याख्यान नको, याच बाई हव्यात.' सगळ्यांचं हेच म्हणणं आहे. मॅडम, ठरलं. पुढच्या वर्षी व्याख्यान बंद. फक्त चित्रपट, सबटायटल्सशिवाय, आणि तुम्ही."

 दीपमाला काहीतरी जहाल बोलणार होती. मग तिने मनात हिशेब केला.

"एक तास नाही? आजच्या चित्रपटासारखी पूर्ण दोन तास दहा मिनिटं?"

"पूर्ण."

"माझी एक अट आहे," ती म्हणाली. "सिनेमाचा आवाज बंद ठेवायचा. मध्ये मध्ये फार बोलतात ते."