शंभर किलो आणि एक टिक्की

माझ्यासारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्माला येतो. या शतकात तो आमच्या घरी आला, एवढीच काय ती माझ्या आईवडिलांची कर्तबगारी. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि नाक, आमच्या सौभाग्यवतींच्या मते, दुसऱ्यांच्या भानगडीत खुपसायला बनवलेलं. जग मला व्यायामशाळेत लॉकरच्या चाव्या देणारा माणूस म्हणून ओळखतं. ओळखू दे. माझ्या शर्टावर ‘चाव्या’ असा बिल्ला आहे, त्यामुळे माझ्यातल्या गुप्तहेराचा कुणाला संशयसुद्धा येत नाही.

प्रस्तुत प्रकरण व्यायामशाळेच्या कँटीनमधलं. कँटीन चालवणाऱ्या ताईंनी नवीन व्हेज बर्गर काढला होता. राजमा, सोयाबीन, ओट्स आणि रंगाला बीट, अशी तव्यावर भाजलेली जाड टिक्की. ताईंचं म्हणणं, यात भरपूर प्रथिनं आहेत, अंगाला लागतील आणि पोटाला जड होणार नाहीत. आमचे सेक्रेटरी मात्र स्वतःच्या सावलीचीही पावती मागणारे. त्यांनी तीन आठवड्यांची परीक्षा लावली. डोंगर नावाने ओळखला जाणारा आमचा वेटलिफ्टर पंच्याण्णव किलो उचलत होता. त्याने रोज एक व्हेज बर्गर खायचा आणि तिसऱ्या शनिवारी शंभर किलो उचलायचे. उचलले तर कँटीन राहील. नाही तर ते बंद, आणि त्या जागी प्रोटीन पावडरचं मशीन. ताईंचं सगळं घर त्या एका तव्यावर चालत होतं.

पहिल्या शनिवारी डोंगर नव्वदवर आला. दुसऱ्या शनिवारी ऐंशीवर.

ताई माझ्या खिडकीशी आल्या. “भाऊ, तुम्ही दिवसभर बसूनच असता. जरा लक्ष ठेवाल का?”

ही माझी रीतसर नेमणूक होती. मी तत्काळ वर्तमानपत्राला भोक पाडलं.

रोज एक वाजता डोंगर कोपऱ्यातल्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून बसे. भोकातून मला त्याची पाठ दिसे, आणि ती पाठ एवढी की तिच्यापलीकडे कँटीनची अर्धी भिंत गडप होई. ताटली भरलेली जायची, रिकामी परत यायची. म्हणजे बर्गर खाल्ला जात होता. इथपर्यंत माझं तर्कशास्त्र पोलादी होतं.

“मावशी, त्या ताटलीला हात लावू नका,” भांडी घासणाऱ्या मावशींना मी बजावलं. “ठसे पुसले जातील.”

“अहो, पण त्या ताटलीचंच मला सांगायचं होतं की...”

“साक्षीदाराने विचारल्याशिवाय बोलायचं नसतं.”

मावशींनी माझ्याकडे करपलेल्या पातेल्याकडे बघावं तसं बघितलं आणि नळ सोडला.

माझा पहिला सिद्धान्त रक्ताचा होता. एक टिक्की मोडून भिंगाखाली धरली, तर आत लालभडक. व्हेज बर्गरमध्ये रक्त. मी कपाळावरचा घाम पुसत ताईंना ही बातमी दिली. त्या म्हणाल्या, “बीट आहे ते. आणि हात धुवा, कपाळ रंगलंय.”

दुसरा सिद्धान्त असा की वजनंच खोटी आहेत. मशीनवाल्या कंपनीच्या हस्तकाने रात्रीतून जड लोखंड आणून ठेवलं असणार. पडताळणीसाठी मी वीस किलोची एक चकती स्वतः उचलली. ती वीस किलोचीच आहे, असा दाखला माझ्या उजव्या अंगठ्याने दिला. पुढचा तपास मी लंगडत केला.

तिसरा सिद्धान्त प्रेमाचा. डोंगर हल्ली उसासे टाकतो, गप्प असतो, आणि जेवण झालं की उजवा हात जाकिटाच्या खिशात घालून तडक घरी पळतो. प्रेमात पडलेल्या माणसाला अन्न अंगी लागत नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो, लग्नाआधी माझं वजन साठ होतं. पण मग खिशात काय? प्रेमपत्र? की पिस्तूल? मी पाठलाग केला. अंगठ्यामुळे पहिल्या कोपऱ्यापर्यंतच.

तिसरा शनिवार उजाडला. सेक्रेटरींनी सगळ्यांना कँटीनमध्येच जमवलं, वजनंही तिथेच आणवली. टेबलावर मशीनच्या कराराचा कागद, शेजारी उघडं पेन. ताईंनी सकाळपासून तवा चार वेळा पुसला होता. त्यांच्याकडे बघवत नव्हतं, खरंच सांगतो.

जेवणानंतर डोंगर उठला तसा मी झेपावलो आणि त्याच्या जाकिटाच्या खिशात हात घातला. पिस्तूल कोमट होतं. आणि मऊ. कागदी रुमालात गुंडाळलेली अख्खी टिक्की.

“बघा,” मी म्हणालो, “कंपनीचा हस्तक. ताईंची टिक्की चोरून शत्रूच्या प्रयोगशाळेत पोचवतोय.” मी ती लिफाफ्यात घातली आणि वर ‘पुरावा’ लिहिलं. डोंगरचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्याला कबुलीजबाब समजलो.

सेक्रेटरी म्हणाले, “आधी वजन उचल.” डोंगर वाकला, थरथरला. शंभर राहिले दूर, ऐंशी किलोच गुडघ्यापर्यंत आले आणि खाली गेले. सेक्रेटरींनी पेन हातात घेतलं.

“आता तरी बोलू का?” मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. “बाकी सगळ्यांच्या ताटलीत टिक्कीचा चुरा पडतो, लाल डाग पडतो. याची ताटली तीन आठवडे कोरी. मी नुसती पाण्याखाली धरते. हा पोरगा पाव आणि काकडीच खातोय.”

“मग सांगितलं का नाही?” सेक्रेटरींनी विचारलं.

मावशींनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी भिंग पुसायला घेतलं.

डोंगर खाली मान घालून म्हणाला, “आजोबांसाठी नेतो. महिन्यापूर्वी त्यांचे सगळे दात काढले. काही चावत नाही, खिमटाला हात लावत नाहीत. खुर्चीतून उठणंच बंद झालं होतं. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. एक दिवस ही टिक्की दिली, तर मागून खाल्ली.”

“अरे, मग मला सांगायचं,” ताई म्हणाल्या. “दोन दिल्या असत्या.”

“एका सभासदाला एकच, असा नियम आहे ना.” त्याने फळ्याकडे बोट दाखवलं. खाली सेक्रेटरींची सही होती.

सेक्रेटरी खाकरले. “वाईट वाटतं. पण बर्गरने ताकद येते, हे कुठे सिद्ध झालं?”

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात एक म्हातारे गृहस्थ, पायात दोन वेगळ्या चपला, हातात काठी. काठी टेकलेली नव्हती, उगारलेली होती.

“दीड वाजून गेला,” ते बोळक्या तोंडाने म्हणाले. “माझी टिक्की कुठाय?”

“आजोबा, तुम्ही आलात कसे?” डोंगर खुर्चीवरच बसला.

“चालत. रस्ता संपला तिथे हा तुमचा जिना. कोणी अडवली माझी टिक्की?”

मी लिफाफा पाठीमागे धरला. मावशींनी तो पाठीमागून काढून घेतला.

सेक्रेटरी आजोबांकडे बघत राहिले, मग जिन्याकडे, मग पुन्हा आजोबांकडे. त्यांनी कराराचा कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘एका सभासदाला दोन,’ सही केली आणि फळ्यावर टाचला. ताई भिंतीला टेकल्या. डोळ्याला पदर लावून त्या हसत होत्या.

“पुरावा मी जप्त केला,” मी सर्वांच्या लक्षात आणून दिलं. “म्हणून तर हे इथे आले. म्हणजे केस कोणी सोडवली?”

कुणाचंच लक्ष नव्हतं. लिफाफ्यातली टिक्की बाजूला ठेवून ताईंनी तव्यावर नवी टाकली होती, ती त्या आजोबांसमोर ठेवत होत्या. आजोबांनी घास घेतला, हिरड्यांनी हळूहळू चावला आणि डोंगरकडे वळून बघितलं.

“गरम असते होय रे ही?”