समतोलरावांचे सहा राक्षस

खोके बनवणाऱ्या कारखान्यात कर्मचारी खातं सांभाळणाऱ्या साहेबांना सगळे पाठीमागे समतोलराव म्हणत. कुणावर अन्याय होऊ नये म्हणून ते दर सोमवारी सगळ्यांची कामं बदलत. त्यामुळे एकाने काढलेली फाइल दुसरा शोधत बसे, तिसरा ती हरवून टाके आणि दोष कुणाच्याच माथी येत नसे. साहेब याला शिस्त म्हणत.

यंदा मालकांच्या डोक्यात खूळ शिरलं. खातेप्रमुखांनी व्हिडिओ गेम खेळायचा, प्रत्येकाने सहा राक्षसांचा संघ बांधून समोरच्याशी झुंजवायचा, आणि जिंकेल त्याला खिडकीवाली केबिन! समतोलराव वर्षानुवर्षं जिन्याखाली बसत होते. वरून कुणी धडधडत उतरलं की चहात पोपडे पडायचे. ती केबिन मिळवायचीच असा त्यांनी पण केला.

‘‘माणसं सांभाळण्यात माझी हयात गेली. राक्षस ते काय!’’ त्यांनी घरी जाहीर केलं.

बायको या गेममध्ये मुरलेली होती. वाटाणे सोलता सोलता तिने सांगितलं, की मार सोसणारा एक दणकट ठेवा, मारणारे दोघे ठेवा, जखमा भरणारा एक ठेवा. आणि उगाच राक्षस बदलू नका, कारण बदललं की आपली पाळी जाते आणि नवा आल्या आल्या तडाखा खातो. समतोलरावांना त्यातलं ‘मारणारे दोघे’ खटकलं. म्हणजे बाकीच्यांनी काय हात चोळत बसायचं?

त्यांनी आगीचा, पाण्याचा, दगडाचा, विजेचा, विषाचा आणि पंखांचा असा एकेक निवडला. संघ दृष्ट लागण्यासारखा होता, यात वाद नाही.

पहिलीच गाठ हिशेब खात्याच्या बाईंशी पडली. बाईंनी एक थोराड सरडा पुढे केला आणि त्याला जागचा हलवला नाही. इकडे आगवाला जबडा उघडून तयार झाला, तोच समतोलरावांना पाणीवाल्याची दया आली. त्यांनी त्याला बोलावलं. सरड्याने शेपूट हाणली. पाणीवाला सावरतोय, तोवर साहेबांना दगडवाला आठवला. पुन्हा शेपूट! मग वीजवाला, विषवाला, पंखवाला, आणि फिरून आगवाला. त्यांच्या खात्यातले कारकून मागे शांत उभे होते. हा कारभार त्यांच्या अंगवळणी पडला होता.

बघता बघता सहाही राक्षस आडवे झाले. सरड्याला ओरखडासुद्धा नव्हता.

मालक डोळे पुसत म्हणाले, ‘‘इतकी समान वाटणी मी जन्मात पाहिली नाही हो. मारसुद्धा सगळ्यांना सारखा!’’ केबिनची किल्ली पुढे बाईंनी नेली.

संध्याकाळी समतोलराव बायकोला पटवून देत होते, की संघात काडीची खोट नव्हती, नशीबच फुटकं.

‘‘एक सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘त्या सहांपैकी एकाने तरी समोरच्याला मारलं का?’’

समतोलरावांनी बोटांवर सहाही राक्षस मोजून पाहिले. मग ताठ मानेने म्हणाले,

‘‘पण तक्रार कुणाचीच नव्हती.’’