झोपेची पडताळणी

जी गोष्ट मोजली जात नाही ती पुरेशी आहे की अपुरी हे सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्याची काळजी करणे हे प्रत्येक जबाबदार कुटुंबाचे कर्तव्य ठरते. या तत्त्वावर बाबांची श्रद्धा होती, आणि ती असणारच. गेली सव्वीस वर्षे ते वजनमापे कार्यालयात दुकानदारांचे तराजू तपासून त्यांवर शिक्के मारत होते. थोरलीने त्याच कार्यालयात निरीक्षक व्हावे, म्हणजे थेट आपली साहेब व्हावे, ही इच्छा त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती. घरात ती सगळ्यांना पाठ होती.

थोरलीने गेल्या वर्षी ही परीक्षा दिली होती. धास्तीने आदल्या तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. तो लागला परीक्षेच्या दालनात, चौथ्या प्रश्नावर. (पर्यवेक्षकांनी तिला उठवले नाही. परीक्षार्थीला कोणत्याही प्रकारे मदत करण्यास मनाई आहे.) वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची होती. अभ्यास तर झालेलाच होता. तेव्हा यंदा झोपेत कमी पडायचे नाही, असे घराने एकमताने ठरवले. थोरलीचे मत घेतले नाही, कारण ती तेव्हा अभ्यास करत होती.

परीक्षेला अकरा रात्री उरल्या तेव्हा व्यवस्था अमलात आली. टिकटिक नको म्हणून बाबांच्या मनगटावरचे सोडून घरातली सगळी घड्याळे चादरीत गुंडाळून कपाटात गेली आणि मोबाइल डब्यात. आईने कुकर बंद केला, शिट्टी होते म्हणून. धाकटीला हसायचे असल्यास जिन्यात जाऊन हसण्याची परवानगी मिळाली. खास राहायला आलेल्या आत्याकडे गल्ली होती. ती गॅलरीत उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला खणखणीत आवाजात सांगे, "हळू बोला, आमची थोरली झोपलीये."

मुख्य काम अर्थात पडताळणीचे. तीनदा तपासल्याशिवाय तराजूवर शिक्का नाही, हा बाबांचा शिरस्ता. त्यानुसार रात्री अकरा, दीड आणि चार वाजता ते मनगटावरचे घड्याळ पाहून दार किलकिले करत आणि अगदी मायेने विचारत, "झोपलीस का गं?"

"हो बाबा," थोरली म्हणे.

बाबा वहीत 'झोप समाधानकारक' अशी नोंद करून निघून जात. दहा रात्रींत अशा तीस नोंदी झाल्या. थोरलीला प्रत्यक्षात जेमतेम दोन तास झोप मिळे, पण ते लिहिण्यासाठी वहीत रकाना नव्हता.

ती नाही म्हणू शकली असती. पण दारातला तो चेहरा तिने पाहिला होता. आपण नाही म्हटले तर हा माणूस उभ्याने रात्र काढेल, हे तिला ठाऊक होते. तिला त्यांचा राग येई आणि त्यांच्यासाठी जीवही तुटे, आणि या दोन्ही गोष्टींनी झोप उडते. एक फायदा मात्र मान्य करायला हवा. तिला परीक्षेची भीती उरली नव्हती. आता तिला झोपेची भीती वाटत होती.

"किती झाली?" आत्या सकाळी चहाबरोबर विचारे.

"आठ तास."

"शेजारणीच्या भाच्याची नऊ होते म्हणे."

शेवटची रात्र आली. थोरली डोळे मिटून अकराच्या पडताळणीची वाट पाहत राहिली. ती झालीच नाही. बऱ्याच वेळाने तिने बाहेर डोकावले. दाराशी खुर्चीत बाबा वही मांडीवर घेऊन, पेन उघडे टाकून घोरत होते. आत्या गॅलरीत, आई सतरंजीवर, धाकटी जिन्यात. दहा रात्री तिच्या झोपेसाठी जागलेले घर एकदाचे आडवे झाले होते. थोरलीने पेनला टोपण लावले आणि आत येऊन पडली. कुणी काही विचारले नाही. तिला झोप लागली.

उन्हाने जाग आली. बाबांचे मनगट हलकेच उचलून तिने वेळ पाहिली. सव्वाआठ. परीक्षा दहाला होती. तिने आवरले, बाबांच्या अंगावर चादर घातली, दार ओढून घेतले आणि जाऊन चौथ्या प्रश्नासकट सगळा पेपर सोडवला.

तीन महिन्यांनी निकाल लागला. थोरली निरीक्षक झाली. बाबा बराच वेळ चष्मा पुसत बसले, मग त्यांनी वही काढली. यशाचे कारण शोधणे भाग होते. दहा रात्रींची झोप समाधानकारक होती. अकरावा रकाना कोरा होता.

"नोंद नाही, म्हणजे झोप नाही," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, झोपले होते मी. चांगली गाढ."

"कुणी पाहिलं?"

पाहणारे सगळे झोपले होते. सबब, यश शून्य तासांच्या झोपेमुळे मिळाले, हा निष्कर्ष टाळता येत नव्हता. पुढच्या वर्षी धाकटीची परीक्षा आहे. आदल्या रात्री तिला जागे ठेवायचे ठरले असून, बाबा तीनदा दार किलकिले करून "जागी आहेस ना गं?" असे विचारणार आहेत.

यावर कुणाला हसू आल्यास हरकत नाही, फक्त हळू हसावे. शेजारच्या खोलीत तुमचेही कुणीतरी झोपले आहे. झोपलेय ना, हे पाहायला मघाशी तुम्ही दार किलकिले केलेत, तेव्हा त्याने पटकन डोळे मिटून घेतले.