सोलो म्हणजे सोला

विश्वास कुणावर ठेवावा, तुम्हीच सांगा: शिकलेल्या मेहुण्यावर की स्वतःच्या कानांवर? आमच्या भांडीवाल्या शेठनी कानांवर ठेवला. (कान निदान लहानपणापासून ओळखीचे होते.)

मेहुण्याच्या मुलीचा शाळेत नाच होता आणि मेहुणा संगीतासाठी स्टुडिओ शोधत होता.

"स्टुडिओ कशाला? माझा टॅब आहे ना," शेठ म्हणाले.

"भाऊजी, त्यावर तुम्ही भांड्यांचे फोटो काढता."

"आता आवाज काढीन. नाही जमलं तर टॅब तुझा."

बायकोनं डोळे वटारले, पण शेठ विकलेला मालही परत घेत नसत, तिथं शब्द कुठला घेणार?

झालं, दुकान वाजू लागलं. पातेल्याचा ठेका, झाकणांची झांज, पिंपाचा घुमारा. गिऱ्हाइकानं पातेलं मागितलं की शेठ म्हणत, "थांबा, त्याचं रेकॉर्डिंग चालू आहे." आमटी वाढायचा डाव मात्र घरच्या स्वयंपाकघरात वाजवला. तेव्हा बायको शेजारणीला सांगत होती, "आमच्या भावाला गाण्यातलं काय कळतंय? त्याची टाळीसुद्धा भलतीकडे पडते." डावाबरोबर तेही टॅबात गेलं.

शेठना हे कळलं शाळेच्या हॉलमध्ये, कानाला हेडफोन लावल्यावर. मुलगी स्टेजवर पाय उचलून उभी. मेहुणा पहिल्या रांगेत, बायको शेठच्या शेजारी. टॅबवर प्रत्येक भांड्याच्या आवाजाची वेगळी ओळ होती आणि डावाच्या ओळीपुढे बटण होतं: सोलो. शेठना हायसं वाटलं. लसूण सोलतात, वाटाणा सोलतात, तशी ही ओळ सोलून टाकायची. त्यांनी बटण दाबलं आणि टॅब हॉलच्या स्पीकरला जोडला.

पातेली गप्प. झाकणं गप्प. हॉलभर एकटा डाव आणि बायकोचा आवाज: "आमच्या भावाला गाण्यातलं काय कळतंय?" आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

पोरगी हुशार. प्रत्येक "भलतीकडे"ला तिनं हात भलतीकडे फेकला. हॉल हसून लोळला.

"भाऊजी, बंद करा ते," मेहुणा दात खाऊन म्हणाला.

"नाच संपल्याशिवाय नाही. चाल माझी आहे."

टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापिका स्वतः आल्या. "बाईंचा आवाज काय गोड आहे हो. मागे भांडं पडल्यासारखं वाजत होतं, तेवढं पुढच्या वेळी काढा."

"ऐकलंत?" बायकोनं टॅब उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "हा भावाकडे जायचा नाही. मला लागेल."

शेठ आजही छाती काढून सांगतात, चाल आपलीच. टाळ्या कुणाच्या नावे मांडायच्या, तो हिशेब तुम्ही ठेवा. पण खरा ठेवा, आणि निदान डाव तरी शेठच्या खाती लिहा.